वाचनालयाच्या दारातला हिरवा फलक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फलक आहे. साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फळ्या जोडून केलेला. एका वाचनालयाच्या दाराशी मी बारा वर्षं उभा होतो. माझ्यावर अकरा सूचना लिहिलेल्या होत्या. त्या मला अजून पाठ आहेत. त्यांचा मला अभिमान नाही आणि लाजही नाही. लाकूड एकदा कापलं की त्याला फार काही वाटत नाही. म्हणून जे झालं ते मी सरळ सांगतो. वाईट वाटलं तर ते तुमचं तुम्हाला वाटेल.

गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बाजाराचं गाव आहे. दर शुक्रवारी तिथे बाजार भरतो. जंगलातल्या वीस-पंचवीस गावांची माणसं चारोळी, डिंक, मोहफूल घेऊन येतात आणि मीठ, तेल, साबण घेऊन परत जातात. बाजाराच्या कडेला दोन खोल्यांचं वाचनालय आहे. पुढे लांब व्हरांडा. १९९२ साली ते सुरू झालं तेव्हा माझा जन्म झाला.

वाचनालयाचे सचिव वामनराव. पोस्टातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मनाने चांगले. अकरा सूचना त्यांनीच आठ दिवस बसून तयार केल्या. एकेक शब्द खोडून पुन्हा लिहिला. मग त्यांनी मुबीन पेंटरला बोलावलं.

तालुक्यातले बहुतेक फलक मुबीनच्याच हातचे. त्यातही जंगलखात्याचे सगळ्यात जास्त. राखीव जंगल सुरू होतं तिथे, नाक्यावर, रोपवाटिकेच्या फाटकाशी, सगळीकडे हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं. नुकताच तो पंधरा फलक उरकून आला होता.

"वामनरावजी, हिरवा डब्बा खुल्लाच आहे," तो म्हणाला. "पिवळाही आहे. वाळून गेला तं फुकट जाईल. तोच मारतो ना."

"टिकेल का?"

"जंगलात टिकते, इथी तं सावली आहे."

वामनरावांना टिकाऊपणा पटला. अशा रीतीने मी हिरवा झालो. वरती पिवळ्या ठसठशीत अक्षरांत 'सूचना', आणि खाली पहिली ओळ: परवानगीशिवाय आत प्रवेश करू नये. दुसरी, पादत्राणे बाहेर काढावीत. तिसरी, शांतता राखावी. अशा दहा. अकरावी, नियमभंग करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. मुबीनने मला दोन खांबांवर ठोकलं आणि पायऱ्या चढल्याबरोबर दिसेन असं दाराशी उभं केलं.

उद्घाटनाला गावातले मोठे लोक आले. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी माझ्या अकराही ओळी मोठ्याने वाचल्या. टाळ्या वाजल्या. त्या दिवसानंतर अकरा वर्षं मला पुरतं कुणी वाचलं नाही.

पहिल्याच शुक्रवारपासून एक गोष्ट व्हायला लागली. बाजाराला आलेली माणसं पायऱ्या चढायची. मी दिसलो की थांबायची. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायची. कुऱ्हाड असेल तर ती भिंतीला टेकवायची. मग व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायची. कुणी अर्धा तास, कुणी तास. मग उठून निघून जायची. पुढच्या शुक्रवारी दुसरी यायची, कधी तीच यायची.

वामनरावांनी ते पाहिलं. त्यांना दया आली. "दमतात बिचारे. उन्हाचे कोसभर चालून येतात." त्यांनी व्हरांड्यात एक रांजण ठेवला, त्यावर पितळी गडवा ठेवला. उन्हाळ्यात ते स्वतः रांजण भरून घ्यायचे. वार्षिक अहवालात त्यांनी लिहिलं की आपल्या वाचनालयाची सावली गोरगरिबांच्या उपयोगी पडते. मीही तसंच समजत होतो. माणसं माझ्या समोर बसायची, पाणी प्यायची, माझ्याकडे बघायची. मी त्यांच्याकडे बघायचो. दहा वर्षं असं चाललं.

आत येणारे वाचक ठरलेले. दोन शिक्षक, बँकेचे कारकून, दवाखान्यातला कंपाउंडर आणि नानाजी नावाचे एक म्हातारे गृहस्थ. दारात स्टुलावर डोमा शिपाई खाकी शर्ट घालून बसायचा. बाकी शांतता असायची. तिसरी सूचना तेवढी आपोआप पाळली जायची.

२००३ च्या जानेवारीत नवीन ग्रंथपाल आली. तिचं नाव कहकशाँ. चंद्रपूरच्या हाफिज बाइंडरची ही मुलगी पुस्तकांच्या शिलाईत वाढलेली, ग्रंथालयाचा कोर्स केलेली. तिचा नवरा मोहसीन याच गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्यांची दीड वर्षाची जोया आईसोबत वाचनालयात यायची आणि टेबलामागे चादरीच्या झोळीत झोपायची. कहकशाँ काम करता करता दर पाच मिनिटांनी उठून झोळीत बघायची. मुलगी झोपलेली असली तरी तिच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागला की परत येऊन लिहायला बसायची. हे मी दारातून बघायचो. तिची नजर कुठल्याच गोष्टीवर पुरती विसावायची नाही.

वाचक का वाढत नाहीत याची तिला काळजी होती. तिने आधी पुस्तकात शिकलेलं केलं. 'वाचनालयाचा उपयोग कसा करावा' असा वर्ग जाहीर केला, शुक्रवारी दुपारी तीन वाजता. भिंतीवर मोठा तक्ता लावला. कुठल्या आकड्यात कुठल्या विषयाची पुस्तकं, शंभरापासून नऊशेपर्यंत. वर्गाला तिघं आले. तिघंही आधीपासूनचे वाचक. नानाजी पहिल्या बाकावर बसले.

तिने अर्धा तास समजावलं. शेवटी विचारलं, "काही शंका?"

"एक हाये," नानाजी म्हणाले. "मी दहा साल झाले कादंबऱ्या वाचून राह्यलो. त्या डाव्या कपाटात रायते. आता हा तक्ता पाहून मले ते कपाटही सापडन का नाई, हे सांग पोरी."

कंपाउंडर हसला. कहकशाँही हसली. वर्गाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात सात-आठ माणसं बसलेली होती. तिने डोमाला सांगितलं होतं, "बाहेरच्यांना गडबड करू नका म्हणावं." डोमाने तसं सांगितलं. बाहेरची माणसं आणखी गप्प झाली.

आता मी ललिताबद्दल सांगतो.

त्याच वर्षी जुलै महिन्यात एक मुलगी व्हरांड्यात येऊन बसली. सतरा-अठरा वर्षांची. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद तिने छातीशी धरला होता. सोबत आई नव्हती, बाप नव्हता. ती गाठोडं घेऊन आली नव्हती आणि तिला पाणीही नको होतं. ती माझ्यासमोर बसून माझी प्रत्येक ओळ वाचत होती, ओठ हलवत. उद्घाटनानंतर मला पूर्ण वाचणारी ती पहिलीच. पहिली ओळ वाचून ती दाराकडे बघायची. दारात डोमा खाकी शर्टात पेंगत होता. ती परत माझ्याकडे बघायची. चार वाजता तिची बस सुटायची. चारला दहा कमी असताना ती उठून गेली.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. तिथेच बसली. त्या दिवशी कहकशाँ एकदा बाहेर आली होती, जोयाला खोकला झाला होता म्हणून रांजणातलं पाणी घ्यायला. मुलगी चटकन उभी राहिली. कहकशाँचं लक्ष जोयाकडे होतं. ती गडवा भरून आत गेली. मुलगी थोडा वेळ उभी होती, मग बसली, मग गेली.

तिसऱ्या शुक्रवारी ती आली नाही. मला काही वाटलं नाही. व्हरांड्यात येणारे येईनासे होतात, हे मी पाहत आलो होतो.

पुढच्या जानेवारीत चंद्रपूरला ग्रंथपालांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथून कहकशाँ वहीत चार ओळी लिहून घेऊन आली. त्या तिने टेबलाच्या काचेखाली ठेवल्या. ती जोयाच्या झोळीला झोका देताना त्या पुटपुटायची, म्हणून मला माहीत आहेत. 'आधी बस आणि बघ. मग ज्याचं काम त्यालाच विचार. मग कच्चं करून बघ, पुठ्ठ्याचं, कागदाचं. मोडलं तर मोडू दे, पुन्हा कर.'

फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी ती स्वतः व्हरांड्यात येऊन बसली, जमिनीवर, माणसांच्या ओळीत. जोया मांडीवर. डोमाला ते आवडलं नाही. "म्याडम, खुर्ची आणू काय?"

"नको. तुम्ही तिथंच बसा. मी इथं बसते."

 त्या दिवशी ती फक्त बघत राहिली, कोण कुठून येतं, कुठे थांबतं, कशाकडे बघतं. जोया मांडीवरून उतरली आणि दुडदुडत माझ्या खांबांमधून सरळ आत गेली. तिला वाचता येत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी कहकशाँच्या शेजारी एक बाई बसली होती. तिचं नाव सुकरी. चौदा किलोमीटर आतल्या गावची. पलीकडे रामाजी नावाचा तिच्याच गावचा माणूस, हातात विळा.

"दमल्या का बाई?" कहकशाँने विचारलं.

"नाई."

"पाणी देऊ?"

"पेलो आत्ताच."

"मग बसल्या काऊन?"

सुकरीने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "परमिशन भेटली नाई अजून."

"कायची परमिशन?"

"आत जाची. फारेस्टचा बोर्ड हाय ना थो. असा बोर्ड दिसला का थांबा लागते. साहेब बाहेर येते, काय पायजे इचारते, मंग जा म्हणते."

कहकशाँ माझ्याकडे वळली. वर्षभर ती रोज माझ्या बाजूने ये-जा करत होती. त्या दिवशी तिने मला समोरून पाहिलं.

"इथं साहेब नाही हो कोणी," ती हळू आवाजात म्हणाली.

"तेच तं," रामाजी म्हणाला. "दहा-बारा साल झाले, एक डाव बी बाहेर नाई आला. आमी म्हटलं लय मोठा साहेब असन."

ओळीतली माणसं हसली. सुकरीही हसली. मग म्हणाली, "आमची ललिता दोन बाजार बसली इथी. दहावी पास हाय. नर्सबाईच्या टिरेनिंगची जाहिरात पेपरात येते, वाचनालयात पाहा, असं तिले आश्रमशाळेच्या गुरुजीनं सांगतलं होतं. पेपर तं आत रायते. कोणी आत बलावलं नाई. तारीख गेली."

"आता कुठी आहे ती?"

"आंध्रात गेली, मिरची तोडाले. बाप म्हणते, एक साल अजून पाहू. नाई जमलं तं मंग दरसाल मिरचीच हाय."

 कहकशाँने जोयाच्या कपाळाला हात लावला. जोयाला ताप नव्हता. तिने पुन्हा लावला. मग ती उठून आत गेली. ती रांजणातून पाणी घेत असताना उठून उभी राहिलेली मुलगी तिला आठवली असेल. मला आठवली.

संध्याकाळी वामनराव आले. तिने त्यांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले.

"जंगलखात्याचा कसा? वर 'वाचनालय' लिहिलं आहे ना मोठ्या अक्षरात!"

"ते भिंतीवर आहे साहेब, छपराखाली. वर कोणी बघत नाही. पायरी चढली की आधी हा दिसतो."

"मग ही माणसं बारा वर्षं बसतात ती..."

"वाट बघतात. परवानगीची."

वामनराव बाहेर आले. व्हरांडा रिकामा होता. ते रांजणाजवळ उभे राहिले, आत डोकावून पाणी किती आहे ते पाहिलं. "बारा वर्षं पाणी पाजलं मी त्यांना," ते म्हणाले. "आत या एवढं नाही म्हटलं." मग ते चप्पल घालून घरी गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथून पुढे माझ्यावर जे प्रयोग झाले ते मी क्रमाने सांगतो. त्यात दुखलं काही नाही.

पहिला प्रयोग रंगाचा. मुबीनला बोलावलं. त्याला कारण सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "या अल्ला, डब्बा वाळला असता तं बरं झालं असतं." त्याने मला पांढरा रंग दिला. अकरा सूचना रंगाखाली गेल्या. वर निळ्या अक्षरांत लिहिलं, 'या, बसा, वाचा'. कहकशाँला आशा होती. शुक्रवारी ती दाराआड उभी राहून बघत होती. नऊ बाया आल्या, सगळ्यांच्या कडेवर लेकरं. व्हरांड्यात ओळीने बसल्या. त्यातली एक कहकशाँला म्हणाली, "बाई, डोस कवा देता? लेकरू उपाशी हाय."

पांढऱ्यावर निळी अक्षरं म्हणजे लसीकरण. मुबीन दवाखान्याचेही फलक रंगवायचा.

दुसरा प्रयोग मला काढून टाकण्याचा. मला खांबांवरून उतरवून मागच्या खोलीत भिंतीला टेकवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर कुणी नव्हतं. समोर फक्त चुना होता. बाहेरचं मला आवाजावरून कळायचं. माणसं आता दारापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. तिथे डोमा होता. डोमाचा खाकी शर्ट होता.

"डोमाभाऊ, शुक्रवारी साधा शर्ट घाला ना," कहकशाँ म्हणाली.

"खाकी काढू? मंग मी शिपाई कायचा?"

"लोक तुम्हाला गार्ड समजतात."

"समजू द्या! बारा सालात कोणीतरी समजून राह्यले." डोमा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको त्याला म्हणाली असावी काहीतरी, कारण शुक्रवारी तो चौकडीचा शर्ट घालून आला आणि सगळ्यांना बजावून सांगत होता, "फक्त बाजाराच्या दिवशी हं."

तरी अडलंच. माणसं आत यायची, कुलूप लावलेली कपाटं बघायची आणि हात मागे बांधून भिंतीशी उभी राहायची. कहकशाँने पुठ्ठ्याचे बाण करून भिंतीवर लावले. कुणी बाणाकडे बघेना. तिने चित्रं काढून चिकटवली, बकरी, भात, इंजेक्शन. चित्रं बरी होती. लेकरांनी ती काढून नेली. तिने नवीन काढली. तीही गेली. ती दमली होती. एकदा मागच्या खोलीत येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली, जोयाला मांडीवर घेऊन. रडली नाही. समोर चुनाच होता. आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

मग तिने सुकरीलाच आत बोलावलं आणि विचारलं, "बाई, बाजारात मीठ कुठं आहे ते तुम्हाला कसं कळतं?"

"म्हणजे?"

"बोर्ड असतो का मिठाचा?"

सुकरी तिच्याकडे अशी बघायला लागली जशी ताप चढलेल्या माणसाकडे बघतात. "मिठाले बोर्ड काऊन पायजे? मीठ दिसते. हात लावून पायते माणूस, मंग घेते."

कहकशाँने त्याच दिवशी कपाटांची कुलपं काढली. पेपर आतल्या खोलीत लाकडी दांड्यांना लावलेले असायचे. ते दाराजवळ आणायचे असं तिने ठरवलं, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, आडवे मांडून. जाहिराती कापून दोरीला चिमट्यांनी लावायच्या, बायका कपडे वाळत घालतात तशा. पण त्यासाठी दाराजवळ एक लांब टेबल हवं होतं. टेबल नव्हतं.

वामनरावांना मी आठवलो. ते मागच्या खोलीत आले, मला बोटाने ठोकून पाहिलं. "सागाचा आहे. फेकायचा नाही." त्यांनी आणि डोमाने मला उचललं, दोन खोक्यांवर उपडं टाकलं. माझं रंगवलेलं तोंड जमिनीकडे गेलं. कोरी पाठ वर आली. वामनरावांनी ती स्वतः पॉलिश पेपरने घासली.

"आणि सूचना?" त्यांनी घासता घासता विचारलं.

"आहेत ना साहेब. खाली आहेत."

ते घासत राहिले.

एप्रिल, मे, जून गेले. शुक्रवारी माणसं उंबरा ओलांडायला लागली. आधी दोघं, मग पाच-सहा. तरी बरीच अजून व्हरांड्यातच बसायची. बारा वर्षांची सवय एका उन्हाळ्यात जात नाही. कहकशाँ दर शुक्रवारी बाहेर जाऊन एकेकाला विचारायची, आत आणायची. पण तिला त्याचं समाधान नव्हतं. ती वामनरावांना म्हणाली, "मी नसेन तेव्हा काय? मी हात धरून आणलं तर ते माझ्यामुळे आत आले. मला ते नको आहे."

जुलैच्या दुसऱ्या बुधवारी जाहिरात आली. परिचारिका प्रशिक्षण. अर्जाची शेवटची तारीख पुढचा सोमवार.  कहकशाँने जाहिरात कापून दोरीवर मधोमध लावली, दोन चिमट्यांनी. सुकरी तीन बाजार आली नव्हती, भाताची रोवणी चालू होती. कहकशाँने बसच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली. ड्रायव्हरने संध्याकाळी ती परत आणून दिली. नाल्याला पूर होता, बस पलीकडे गेलीच नव्हती.

आणि गुरुवारी जोयाला ताप आला. शुक्रवारी पहाटेच मोहसीन आणि कहकशाँ तिला घेऊन चंद्रपूरला गेले. निघताना ती डोमाला दहा वेळा म्हणाली, "ललिता आली तर सांगा. जाहिरात दाखवा." डोमा हो म्हणाला. डोमाने ललिताला कधी पाहिलेलं नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमारास डोमा स्टॅंडवर पेपरचा गठ्ठा आणायला गेला. आत मी होतो आणि माझ्यावर पेपर होते. व्हरांड्यात पावलं वाजली. दारातून मला व्हरांड्याचा एक तुकडा दिसत होता. तिथे एक मुलगी येऊन बसली. गुडघ्यापर्यंत ओली, चिखलाची. हातात प्लास्टिकची पिशवी. नाला चालत ओलांडून आली होती.

ती गेल्या वर्षीच्याच जागी बसली. मी जिथे उभा असायचो तिथे ती बघत होती. तिथे काही नव्हतं. दारात कुणी नव्हतं. आत यायला कुणी सांगत नव्हतं, आणि येऊ नको असंही कुणी सांगत नव्हतं. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. मी लाकूड आहे, मला हाक मारता येत नाही. येत असती तरी बारा वर्षांच्या सवयीने मी काय म्हटलं असतं, सांगता येत नाही.

मग ती उठली. चप्पल नव्हतीच, पाय पुसले. उंबऱ्यापर्यंत आली. मान आत घालून पाहिलं. हातभर अंतरावर पेपर दिसले. तिने वरच्या पेपराला बोट लावलं आणि पटकन काढलं. कुणी ओरडलं नाही. तिने पुन्हा लावलं. मग तिची नजर दोरीकडे गेली.

ती जाहिरात उभ्या उभ्या दोनदा वाचली तिने, ओठ हलवत. पिशवीतून पेन काढला, वहीचा कागद काढला, माझ्यावर ठेवला आणि पत्ता उतरवायला लागली. ती पेन जोरात दाबून लिहिते. कागद पातळ होता. तारीख, पत्ता, लागणारी कागदपत्रं, सगळं माझ्या पाठीवर उमटलं. वामनरावांनी इतकं घासलं होतं की लाकूड मऊ झालं होतं. हाताने चाचपलं तर ते अजून लागतं.

डोमा गठ्ठा घेऊन आला तेव्हा ती गेलेली होती. "कोणी आलं होतं काय?" त्याने रिकाम्या खोलीला विचारलं. फरशीवर चिखलाची पावलं होती. आत येणारी आणि बाहेर जाणारी. त्याने पोतेरं आणून ती पुसली.

जोयाचा ताप उतरला, हे सांगायचं राहिलं. सोमवारी कहकशाँ परत आली. डोमाला विचारलं, डोमा म्हणाला कोणीच आलं नाही.  त्यानंतर ती बाकीची कामं नीट करायची. शुक्रवारी जाहिराती बदलायची. ती एक जाहिरात मात्र तिने दोरीवरून काढली नाही, तारीख उलटून गेली तरी.

दिवाळीनंतरच्या बाजाराला सुकरी आली. व्हरांड्यात न बसता सरळ आत आली आणि चारोळीची पुडी माझ्यावर ठेवली.

"घ्या बाई. ललितानं द्याले सांगतलं."

"ललिता कुठी आहे?"

"कुठी म्हणजे? गडचिरोलीले. टिरेनिंगले. पांढरी साडी भेटली तिले."

कहकशाँ खुर्चीवरून उठली आणि परत बसली. "पण मी नव्हते त्या दिवशी. डोमाभाऊ म्हणतात कोणी आलंच नाही. तिला सांगितलं कोणी?"

"कोणीच नाई," सुकरी म्हणाली. "मी बी इचारलं. थे म्हणते, कोणी काईच म्हटलं नाई, म्हणून गेली आत."

डोमा दारातून म्हणाला, "म्हणजे मी नव्हतो तेच बरं झालं म्हणा ना!" सुकरी खूप हसली. कहकशाँने पुडी उघडली, एक दाणा जोयाच्या तोंडात घातला आणि चावेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली, घशात अडकू नये म्हणून.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. माझ्यावर आता पेपर असतात. मला ओल्या फडक्याने पुसू नका, सागाचा असलो तरी कडा फुगतात. तुमच्या शाळेच्या, दवाखान्याच्या, वाचनालयाच्या दाराशीही एखादा फलक असेल. त्याच्यावरचं तुम्हाला वाचता येत असेल, तर तुमचं त्याच्याकडे काही काम नाही. त्याच्यासमोर कोण थांबलं आहे, ते बघा.

आज शुक्रवार आहे. व्हरांड्यात दोघं बसलेत, एक म्हातारा आणि एक बाई. खरंच दमले असतील, किंवा नसतील. मला इथून कळत नाही. कुणीतरी जाऊन विचारा.